बंद झालेल्या प्रोग्रॅमची मागे राहिलेली पाने

लिनक्स चालणाऱ्या संगणकावर दिवसभराचे काम आटोपून एकेक प्रोग्रॅम बंद केला आणि मग मेमरीचा तक्ता उघडून पाहिला, तर ८ जीबी रॅमपैकी ‘मोकळी’ या रकान्यात अनेकदा काहीशे एमबींचाच आकडा दिसतो, आणि पाहणाऱ्याची पहिली समजूत अशी होते की बंद केलेल्या प्रोग्रॅमनी घेतलेली जागा परतच केलेली नाही. या समजुतीतून संगणक वारंवार पुन्हा सुरू करण्याची सवय लागते, ‘मेमरी साफ’ करणारी ॲप्स उतरवली जातात, आणि पुष्कळदा उत्तम चालणारे यंत्र जुने झाले असे ठरवून नवे विकत घेतले जाते. वस्तुस्थिती अशी की प्रोग्रॅमने स्वतःच्या कामासाठी घेतलेली जागा तो बंद होताच परत गेलेली असते; रॅममध्ये उरते ती त्याने वाचलेल्या फाइलींची प्रत, आणि ती लिनक्सने जाणूनबुजून ठेवलेली असते. ही प्रत का ठेवली जाते, तिचा हिशेब कसा वाचावा आणि जागेची निकड आली की ती कोणत्या क्रमाने सोडली जाते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

हा विषय मोठमोठे सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ज्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली तो लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्रसामग्री आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून रॅम, प्रोसेसर आणि डिस्क यांची वाटणी करणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. सकाळच्या गर्दीत मीरा रोड किंवा भाईंदरच्या फलाटावर चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहत जे हात मोबाइलवर चालत असतात, त्यांतील बहुतेकांच्या हातात, त्यांना ठाऊक असो वा नसो, लिनक्स असतो. आणि त्यांतले कितीतरी फोन हप्त्यांवर घेतलेले, तीन-चार जीबी रॅमचे आणि आणखी काही वर्षे चालवायचे असतात. अशा घरांच्या दृष्टीने मेमरीची व्यवस्था नीट समजणे हा थेट खर्चाशी जोडलेला प्रश्न आहे, म्हणून तो मुळापासून समजून घेण्यासारखा आहे.

कर्नल रॅमकडे एकसंध पट्टा म्हणून पाहत नाही. तो तिचे सारख्या आकाराचे तुकडे करतो आणि अशा प्रत्येक तुकड्याला ‘पान’ म्हटले जाते. नेहमीच्या संगणकांवर एक पान ४ केबीचे, म्हणजे ४,०९६ बाइटचे असते. या हिशेबाने ८ जीबी रॅममध्ये २०,९७,१५२ पाने होतात, आणि ६४-बिट यंत्रावर त्यांतल्या प्रत्येक पानासाठी कर्नल साधारण ६४ बाइटची एक नोंद ठेवतो, ज्यामुळे नुसत्या नोंदवहीलाच १२८ एमबी जागा लागते. एवढी जागा खर्च करण्याचे कारण असे की पान कोणाचे आहे, ते किती ठिकाणी वापरात आहे आणि त्यातला मजकूर बदलला आहे काय, हे कोणत्याही क्षणी सांगता आल्याशिवाय पुढचा एकही निर्णय घेता येत नाही.

या पानांचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि प्रकरणातील जवळजवळ सगळे मुद्दे या भेदावर उभे आहेत. पहिल्या प्रकारातली पाने प्रोग्रॅम चालू असताना निर्माण झालेला मजकूर धरून ठेवतात: टाइप केलेले पण न साठवलेले पत्र, ब्राउझरच्या टॅबमधील उलगडलेले पृष्ठ, गणिताची मधली पायरी. डिस्कवर त्यांचे मूळ नसते, त्यांच्या मागे कोणत्याही फाइलचे नाव नसते, म्हणून त्यांना अनामिक पाने म्हणतात. दुसऱ्या प्रकारातली पाने डिस्कवरील एखाद्या फाइलच्या विशिष्ट भागाची प्रत असतात. प्रोग्रॅमची स्वतःची सांकेतिक आज्ञावली, अनेक प्रोग्रॅमना सामाईक असलेल्या लायब्ररी, फॉन्ट, चित्रे, कागदपत्रे हे सारे या प्रकारात येते, आणि त्यांच्या एकत्रित साठ्याला पेज कॅश असे नाव आहे.

प्रोग्रॅम बंद होतो तेव्हा कर्नल त्याच्या मेमरीचा पूर्ण नकाशा हाती घेऊन तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोडत जातो. अनामिक पाने दुसरा कोणी वापरत नसेल तर तेथेच मोकळी होतात आणि मोकळ्या पानांची व्यवस्था पाहणाऱ्या विभागाकडे जातात, जो शेजारशेजारची मोकळी पाने जोडून ४ केबीपासून साधारण ४ एमबीपर्यंतचे सलग तुकडे तयार ठेवतो. जोडीदार शोधून तुकडे एकत्र करण्याची ही पद्धत बेल प्रयोगशाळेतील केनेथ नोल्टन यांनी १९६५ मध्ये मांडली होती आणि लिनक्सने ती आजही सोडलेली नाही. प्रोग्रॅम कितीही निष्काळजीपणे लिहिलेला असो, त्याने घेतलेली जागा परत करायला तो विसरलेला असो, बंद होताना कर्नल त्याच्या परवानगीची वाट पाहत नाही. किंबहुना चालू प्रोग्रॅमच पुष्कळदा वापरून झालेली जागा पुढे लागेल म्हणून स्वतःच्या ताब्यात ठेवतो, त्यामुळे आत उघडलेली मोठी फाइल मिटल्यावरही त्याचा आकडा उतरत नाही. प्रोग्रॅम संपला की हा ताबाही संपतो.

फाइलींच्या पानांची गोष्ट निराळी आहे. प्रोग्रॅम त्यांचा केवळ वाचक असतो. पाने फाइलची असतात आणि फाइल डिस्कवर कायम असते. म्हणून प्रोग्रॅम बंद होताना कर्नल ‘याचा वाचक एकाने कमी झाला’ एवढीच नोंद करतो आणि वाचकांची संख्या शून्यावर आली तरी पान रॅममधून काढत नाही. ते काढून टाकण्याने तत्काळ काही लाभ होत नसतो, कारण मोकळ्या पानातून कोणाला काही मिळत नाही. उलट तीच फाइल पुन्हा लागण्याची शक्यता मोठी असते.

मराठी वापरणाऱ्याच्या रोजच्या कामात हे फार स्पष्ट दिसते. लिबर ऑफिसमध्ये लोहित देवनागरी फॉन्टमधील एखादे मराठी पत्र उघडले की पडद्यावर पहिली ओळ उमटण्याआधी बराच मजकूर डिस्कवरून रॅममध्ये येतो: लिबर ऑफिसच्या डझनावारी लायब्ररी, जोडाक्षरांची योग्य जोडणी करणारी हार्फबझ ही लायब्ररी, अक्षरांचे आकार रंगवणारी फ्रीटाइप, आणि ज्यात ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्‍य’ यांचे आकार आणि ते कोणत्या अक्षरक्रमातून घडवायचे याचे नियम साठवलेले आहेत ती लोहितची फाइल. रेड हॅट कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आणि तिच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांनी पुढे वर्षानुवर्षे सुधारलेल्या या मुक्त फॉन्टची फाइल आकाराने लहान आहे, पण मराठी दाखवणाऱ्या प्रत्येक खिडकीला ती लागते. हा फॉन्ट वापरणारे ब्राउझर, पत्रलेखन आणि फाइलींची यादी दाखवणारा प्रोग्रॅम एकाच वेळी चालू असले तरी रॅममध्ये त्याची प्रत एकच असते आणि तिघेही तिच्यातूनच वाचतात. लिबर ऑफिस बंद केल्यावर त्या पत्राची न साठवलेली अनामिक पाने नाहीशी होतात, परंतु फॉन्ट आणि लायब्ररी यांची पाने जागच्या जागी राहतात, आणि तासाभराने दुसरे पत्र उघडायचे ठरवले की प्रोग्रॅम पहिल्या वेळेपेक्षा ठळकपणे लवकर उभा राहतो. हा फरक यंत्राच्या मोजमापातच आहे: मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एक फेरा पुरा करायला सव्वाआठ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, तेव्हा हवा असलेला भाग वाचणाऱ्या टोकाखाली येण्यातच सरासरी चार मिलिसेकंद जातात, एसएसडीवरून तेच वाचन मायक्रोसेकंदांच्या घरात होते, तर रॅममधून नॅनोसेकंदांच्या घरात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशांत. शाळेच्या संगणक-कक्षातील दहा वर्षे जुन्या, हार्ड डिस्कवर चालणाऱ्या यंत्राला आजही उपयोगी ठेवणारी गोष्ट प्रोसेसरच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात हा पानांचा साठा आहे.

येथे एक शंका रास्त ठरते: बंद झालेल्या प्रोग्रॅमची अनामिक पाने मोकळी झाली म्हणजे त्यांतला मजकूरही पुसला गेला काय? नेहमीच्या मांडणीत तो लगेच पुसला जात नाही. पान मोकळ्यांच्या यादीत जाते तेव्हा त्यातली जुनी अक्षरे तशीच असतात. मात्र तेच पान दुसऱ्या प्रोग्रॅमला देण्याआधी कर्नल ते शून्यांनी भरतो, त्यामुळे बँकेच्या ॲपमधील मजकूर दुसऱ्या ॲपच्या हाती पडत नाही. पान मोकळे होतानाच पुसले जावे अशी अधिक काटेकोर व्यवस्था लिनक्सच्या ५.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ज्याला हवी त्याला चालू करता येते. तिच्यासाठी वेगाची थोडी किंमत मोजावी लागते.

आता मेमरीच्या तक्त्याकडे वळता येईल. ‘फ्री’ ही आज्ञा दिली की एकूण, वापरलेली, मोकळी, सामाईक, बफर व कॅश, आणि उपलब्ध असे सहा रकाने येतात, आणि वाचणाऱ्याची नजर सवयीने तिसऱ्या रकान्यावर जाते. हा रकाना पूर्णपणे खरे सांगतो, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न कोणी विचारलेला नसतो: या क्षणी ज्यांत काहीही ठेवलेले नाही अशी पाने किती, एवढेच त्यातून कळते. वापरणाऱ्याला जाणून घ्यायचे असते ते हे की नवा प्रोग्रॅम उघडला तर यंत्राला धाप न लागता किती जागा देता येईल, आणि याचे उत्तर शेवटच्या, ‘उपलब्ध’ या रकान्यात आहे. हा रकाना तुलनेने नवा आहे. त्यापूर्वी लोक मोकळी आणि कॅश या दोन आकड्यांची बेरीज करून अंदाज बांधत, आणि सर्व्हरवर काम वाटून देणारे प्रोग्रॅमही तसाच हिशेब करत. परंतु कॅशच्या आकड्यात न सोडता येणारी पानेही मिसळलेली असल्यामुळे ही बेरीज उत्तरोत्तर चुकू लागली. रिक व्हॅन रील यांनी हा अंदाज कर्नलनेच करून द्यावा अशी व्यवस्था केली आणि ती २०१४ मध्ये ३.१४ या आवृत्तीत आली. तक्त्यातला एकच आकडा पाहायचा तर तो हाच.

न सोडता येणाऱ्या पानांचा उल्लेख येथे विस्ताराने करायला हवा, कारण प्रोग्रॅम बंद होऊनही जागा खरोखर अडून राहण्याचे कारण बहुधा त्यांच्यात सापडते. लिनक्समध्ये डिस्कऐवजी थेट रॅममध्ये फाइली ठेवण्याची सोय आहे; काही प्रणालींवर तात्पुरत्या फाइलींचे घर असेच रॅममध्ये असते, आणि दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी मजकुराची देवाणघेवाण करण्यासाठी वापरता येणारी सामाईक मेमरीही याच यंत्रणेवर उभी आहे. या फाइलींना डिस्कवर दुसरी प्रत नसते. प्रोग्रॅम आपली तात्पुरती फाइल न पुसता बंद झाला, तर ती फाइल आणि तिची पाने यंत्र बंद होईपर्यंत किंवा कोणीतरी ती हाताने पुसेपर्यंत राहतात, आणि गोंधळ वाढवणारी बाब अशी की कर्नलच्या सविस्तर हिशेबात ती कॅश म्हणूनच मोजली जातात. ‘फ्री’च्या तक्त्यातील ‘सामाईक’ हा रकाना ती वेगळी दाखवतो. सगळे बंद केल्यावरही तो आकडा मोठा राहिला असेल तर तेथे लक्ष घालणे योग्य. दुसरे कारण याहून साधे असते: खिडकी मिटली म्हणजे प्रोग्रॅम संपला असे नव्हे, कारण संदेशांची आणि संगीताची कितीतरी ॲप्स खिडकी गेल्यावरही पाठीमागे चालू राहतात.

रॅम फाइलींच्या पानांनी भरत गेली की केव्हातरी नव्या मागणीसाठी जागा करावी लागते. कर्नल मोकळ्या पानांच्या किमान, खालची आणि वरची अशा तीन पातळ्या ठरवून ठेवतो. मोकळी पाने खालच्या पातळीखाली उतरली की केस्वॅपडी हा कर्नलचा स्वतःचा कामगार जागा होतो आणि वरची पातळी गाठेपर्यंत पाने सोडत राहतो, तेवढ्यात वापरणाऱ्याचे काम न थांबता चालू असते. फाइलीच्या न बदललेल्या पानाला सोडणे विलक्षण स्वस्त आहे: डिस्कवर मूळ प्रत आहेच, त्यामुळे काहीही लिहावे लागत नाही, नोंद खोडली की पान मोकळे. अनामिक पान सोडायचे तर त्यातला मजकूर आधी डिस्कच्या राखीव भागात, म्हणजे स्वॅपमध्ये, लिहून ठेवावा लागतो, आणि ते महाग पडते. किमान पातळीपर्यंत उतरण्याची वेळ आली तर मात्र जागा मागणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवून ठेवून त्याच्या वेळेत ही साफसफाई केली जाते, आणि यंत्र अडखळते ते तेव्हा.

कोणते पान सोडावे हा या सगळ्यातला बुद्धीचा कस लावणारा प्रश्न आहे. आयबीएमचे लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये दाखवले की जे पान सर्वांत उशिरा पुन्हा लागणार आहे ते काढणे ही सर्वोत्तम निवड होय. अडचण एवढीच की भविष्य ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला भूतकाळावरून भविष्याचा अंदाज करावा लागतो. लिनक्सने अनेक वर्षे दोन याद्या ठेवून तो केला: एकदा वाचलेले पान ‘निष्क्रिय’ यादीत येते, तेथे असताना ते पुन्हा लागले तर ‘सक्रिय’ यादीत बढती मिळते, आणि जागा हवी झाली की निष्क्रिय यादीच्या शेपटाकडून पाने जातात. या रचनेतील एक खरी उणीव योहानेस वायनर यांनी २०१४ मध्ये भरून काढली. सोडलेले पान लवकरच पुन्हा लागले, तर ते सोडणे चूक होते. परंतु पान गेल्यावर त्याची आठवणही गेलेली असल्याने कर्नलला आपली चूक कळतच नसे. वायनर यांच्या बदलानंतर गेलेल्या पानाच्या जागी एक छोटी खूण ठेवली जाऊ लागली, जी पान परत आले की ते किती काळ बाहेर होते हे सांगते, आणि तो काळ थोडा असेल तर पान थेट सक्रिय यादीत घेतले जाते. पुढे यू झाओ यांनी दोन याद्यांच्या जागी पानांच्या अनेक पिढ्या मोजणारी पद्धत आणली, जी डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीत दाखल झाली.

दोन याद्यांच्या कल्पनेचे मोल एकदाच वाचून पुन्हा न लागणाऱ्या मोठ्या मजकुराच्या बाबतीत कळते. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रेडिओ खगोल भौतिकी केंद्राने उभारलेली, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली जीएमआरटी ही दुर्बीण याचे उत्तम उदाहरण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीकडून ध्रुवीकरणाच्या दोन दिशांचे संकेत येतात, असे साठ प्रवाह एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम पूर्वी खास घडवलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे असे; २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मांडलेल्या नव्या व्यवस्थेने ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या लिनक्स समूहावर आणले. अशा निरीक्षणाच्या प्रचंड फाइली विश्लेषणासाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाच वाचल्या जातात. भोळी कॅश असती तर या प्रवाहाने रॅममधील सगळी उपयोगी पाने वाहून नेली असती. दोन याद्यांमुळे एकदाच वाचलेली पाने निष्क्रिय यादीतून येतात आणि तेथूनच निघून जातात, सक्रिय यादीतील लायब्ररी आणि प्रोग्रॅम बरेचसे सुरक्षित राहतात. याहून अधिक नियंत्रण हवे असलेल्या प्रोग्रॅमला ‘हा भाग मला पुन्हा लागणार नाही’ असे कर्नलला आगाऊ कळवता येते, किंवा पेज कॅशला पूर्ण वगळून डिस्कशी थेट व्यवहार करता येतो.

आतापर्यंत वाचनाचाच विचार झाला. लिहिण्यात पेज कॅशची दुसरी बाजू दिसते आणि तेथे सामान्य माणसाचे खरेखुरे नुकसान होऊ शकते. प्रोग्रॅम फाइल साठवतो तेव्हा मजकूर प्रथम रॅममधील पानात लिहिला जातो, पान ‘मळलेले’ म्हणून नोंदले जाते, आणि प्रोग्रॅमला काम झाल्याचे कळवले जाते. डिस्कवर प्रत्यक्ष लेखन मागाहून होते: नेहमीच्या मांडणीत त्यासाठीचे कामगार दर पाच सेकंदांनी जागे होतात आणि तीस सेकंदांपेक्षा जुनी झालेली मळलेली पाने उतरवतात. प्रोग्रॅम बंद झाला तरी ही पाने थांबून राहतात आणि त्यांचे लेखन कर्नल पुरे करतो, त्यामुळे प्रोग्रॅम लवकर मिटल्याने काही हरवत नाही. हरवते ते वीज गेली तर, किंवा पेन ड्राइव्ह उपसला तर. लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर घेताना प्रगतीची पट्टी भराभर शंभर टक्क्यांवर जाते, कारण ती रॅममध्ये झालेली नक्कल मोजत असते; धीम्या पेन ड्राइव्हवर खरे लेखन त्यानंतर मिनिटभरही चालू राहू शकते, आणि त्या काळात तो ओढून काढला तर शेवटचे फोटो अर्धवट राहतात. ‘सुरक्षितपणे काढा’ या पर्यायाला लागणारा वेळ हा त्या उरलेल्या पानांचा वेळ असतो, आणि तो देणे नेहमीच शहाणपणाचे आहे.

पेज कॅश हाताने रिकामी करण्याची आज्ञाही लिनक्समध्ये आहे. २००६ च्या २.६.१६ आवृत्तीपासून ‘ड्रॉप कॅशेस’ नावाच्या एका नियंत्रण-फाइलीत १, २ किंवा ३ हा आकडा लिहिला की अनुक्रमे फाइलींची न मळलेली पाने, फाइलींच्या नावा-पत्त्यांच्या नोंदी, किंवा दोन्ही सोडल्या जातात. ही सोय मोजमापासाठी आहे, उदाहरणार्थ नव्या डिस्कचा खरा वेग पाहायचा तर आधीची कॅश मध्ये येता कामा नये; आणि कॅशचा आकार आटोक्यात ठेवण्यासाठी तिचा वापर करू नये असे कर्नलच्या अधिकृत माहितीपत्रकातच म्हटले आहे. तरीही दर तासाला ही आज्ञा चालवणारे सर्व्हर आढळतात. आज्ञेनंतर ‘मोकळी’चा आकडा फुगतो, पाहणाऱ्याला समाधान मिळते, आणि पुढची काही मिनिटे तीच पाने पुन्हा डिस्कवरून आणण्यात यंत्राचा वेळ जातो; ‘उपलब्ध’चा आकडा मात्र जवळपास होता तिथेच असतो, कारण सोडलेली पाने आधीही उपलब्धच होती.

अँड्रॉइडने हीच विचारसरणी एक पायरी पुढे नेली आहे. तेथे फाइलींच्या पानांबरोबर पूर्ण ॲपच राखून ठेवले जाते: वापरणारा ॲपमधून बाहेर पडला की ते प्रोग्रॅम म्हणून लगेच संपत नाही, त्याला ‘राखलेले’ असा दर्जा मिळतो आणि ते प्रोसेसर न वापरता रॅममध्ये पडून राहते. प्रत्येक ॲपला महत्त्वाचा एक अंक दिलेला असतो. समोर दिसणाऱ्या ॲपचा अंक शून्य, तर राखलेल्यांचे अंक ९०० पासून पुढे असतात, आणि जागेची चणचण भासली की या कामासाठी असलेला एक पहारेकरी प्रोग्रॅम सर्वांत मोठ्या अंकापासून ॲप्स संपवत येतो. चणचण आहे की नाही हे त्याला मोकळ्या पानांच्या मोजणीवरून पूर्वी ठरवावे लागे; अँड्रॉइड १० पासून तो कर्नलच्या नव्या मोजमापाचा आधार घेतो, ज्यात मेमरीअभावी चालू कामे प्रत्यक्षात किती काळ ताटकळली हे पाहिले जाते. हे मोजमापही वायनर यांचेच, २०१८ अखेरच्या ४.२० आवृत्तीतले.

मीरा-भाईंदरच्या स्थानकांबाहेरील रस्त्यांवर काय आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात काय, फोन मंदावला की अलीकडची सगळी ॲप्स अंगठ्याने वर ढकलून देण्याचा सल्ला हमखास मिळतो. वरील रचना पाहता हा सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो. राखलेले तिकिटाचे ॲप पुन्हा उघडणे म्हणजे रॅममध्ये असलेले चित्र पडद्यावर आणणे. ढकलून संपवलेले ॲप उघडायचे तर नवी प्रक्रिया निर्माण करावी लागते, तिची अनामिक पाने पुन्हा भरावी लागतात, प्रोसेसर आणि बॅटरी यांचा खर्च होतो, आणि गाडी फलाटाला लागत असताना ते काही सेकंद नेमके खटकतात. ॲपची फाइल पेज कॅशमध्ये उरली असेल तर हा भार थोडा हलका होतो, इतकेच. एखादे ॲप अडकले असेल, गरम होऊन बॅटरी खात असेल, तर ते संपवणे योग्यच आहे. पण सरसकट सगळी ॲप्स दिवसातून दहा वेळा संपवल्याने फोनचे वय वाढत नाही. मेमरी साफ करून देणारी ॲप्स तर स्वतःच पाठीमागे चालू राहून पाने अडवतात.

अगदी थोड्या रॅमवर लिनक्स कसा तगतो हे भारताच्या बाजारात चांगले दिसून आले. सप्टेंबर २०१४ मध्ये अँड्रॉइड वनचे पहिले फोन जगात सर्वप्रथम भारतात आले तेव्हा त्यांत १ जीबी रॅम होती, आणि २०१७ मध्ये मुंबईत जाहीर झालेला जिओफोन, ज्याच्या काय ओएस या प्रणालीच्या तळाशीही लिनक्सचाच कर्नल आहे, ५१२ एमबीवर चालत असे. एवढ्या जागेत अनामिक पानांची अडचण सर्वांत मोठी होते, कारण फोनच्या साठवणीवर सतत स्वॅप लिहिले तर ती साठवण झिजते. नितीन गुप्ता यांनी सुरू केलेल्या आणि २०१४ मध्ये मुख्य कर्नलमध्ये पूर्णपणे सामावलेल्या झेडरॅम या व्यवस्थेने त्यावर तोडगा काढला: जी अनामिक पाने स्वॅपमध्ये पाठवायची ती डिस्कवर न लिहिता दाबून लहान करायची आणि रॅमच्याच एका भागात ठेवायची. दाबण्या-उलगडण्यात प्रोसेसरचा थोडा वेळ जातो, पण वापरात नसलेल्या ॲपची पाने बरीच कमी जागा घेतात आणि एरवी संपवावे लागले असते असे ॲप जिवंत राहते.

पानाचा आकारही आता बदलू लागला आहे. २०२४ च्या अँड्रॉइड १५ पासून ४ केबीऐवजी १६ केबीची पाने वापरणारे फोन बनवता येतात. पाने मोठी झाली की त्यांची संख्या चौथाईवर येते, नोंदवही लहान होते आणि ॲप लवकर उघडते. परंतु फाइलीच्या शेवटच्या पानात सरासरी अर्धे पान रिकामे राहत असल्यामुळे प्रत्येक लहान फाइलीमागे वाया जाणारी जागा सुमारे २ केबीवरून ८ केबीवर जाते, आणि शेकडो लहान चित्रे व मांडणीच्या फाइली उघडणाऱ्या ॲप्सच्या बाबतीत ही वाढ जाणवण्याइतकी होते. १२ जीबीच्या महागड्या फोनला ती सहज परवडते. तीन जीबीच्या फोनवर मात्र तेवढीच पाने पेज कॅशमधून आणि राखलेल्या ॲप्समधून कमी होतात, आणि म्हणून अशा फोनांसाठी ४ केबीचे पान अजून काही वर्षे तरी अधिक सोयीचे राहील.